समासातले प्रश्नचिन्ह

पंचवीसएक वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझी एक कविता छापून आली. कविता आजीवर होती. तिच्यात ‘दीन’ असा एक शब्द होता. आमच्या घरात दीन म्हणजे धर्म, श्रद्धा. मराठीत दीन म्हणजे गरीब, केविलवाणा. शेवटी आजीजवळ दीन तेवढा उरला, असे मला म्हणायचे होते. प्रूफ आले तेव्हा मुद्रितशोधकाने त्या शब्दाखाली रेघ ओढून समासात प्रश्नचिन्ह टाकले होते. मला थोडा राग आला. मी प्रश्नचिन्ह खोडले, शेजारी ‘बरोबर आहे, तसेच ठेवा’ असे लिहिले आणि प्रूफ परत पाठवले. अंक आल्यावर चार-सहा पत्रे आली. सगळ्यांनी आजीच्या हलाखीबद्दल हळहळ व्यक्त केली होती. जिने आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, ती आजी माझ्या एका शब्दाने गरीब झाली. ‘दीन-इमान’ एवढे लिहिले असते तरी भागले असते. पण मात्रा वाढत होत्या!

ही हकिकत मी पुण्यातल्या माझ्या भाचीला सांगितली, तेव्हा ती हसून म्हणाली, “मामू, त्या माणसाने तुम्हाला वॉर्निंग दिली होती. तुम्ही चूक दुरुस्त केली नाहीत, वॉर्निंग तेवढी बंद केलीत. आमच्या ऑफिसात रोज हेच चालते.” ती संगणकाच्या ‘सी’ नावाच्या भाषेत काम करते. त्या महिन्यात तिच्याकडे एकच काम होते. जुन्या प्रोग्रामवर कंपायलर जे शेकडो इशारे देत होता, ते एकेक करून नाहीसे करायचे. कुठे एक कंस घालायचा, कुठे एखादा शब्द वाढवायचा, कुठे ओळ थोडी आत सरकवायची. ऐकायला हे कारकुनी काम वाटते. पण तिच्याकडून आणि पुढे वाचनातून या कामाचा जो इतिहास मला कळला, तो आज श्रोत्यांना सांगावासा वाटतो. बी.ए. झालेल्या, कविता करणाऱ्या माणसाने यंत्राच्या भाषेवर बोलावे हे जरा चमत्कारिक आहे. पण विरामचिन्हांशी माझाही जन्माचा संबंध आहे.

सी ही भाषा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल लॅबोरेटरीज या टेलिफोन कंपनीच्या संशोधनसंस्थेत जन्मली. डेनिस रिची या शास्त्रज्ञाने ती १९७२ च्या सुमारास घडवली. १९७३ मध्ये युनिक्स या संगणकप्रणालीचा गाभा सीमध्ये नव्याने लिहिला गेला आणि भाषेचा पाया पक्का झाला. माणसाने सीमध्ये लिहिलेले यंत्राच्या आकड्यांत उतरवणारा जो प्रोग्राम असतो, तो कंपायलर. आपण त्याला दुभाषा म्हणू. व्याकरण साफ चुकले तर हा दुभाषा काम थांबवतो. ती झाली एरर. पण कधी व्याकरण बिनचूक असते आणि तरीही त्याला शंका येते. तेव्हा तो काम पुरे करतो आणि जाता जाता म्हणतो, ‘तुम्हाला खरेच असे म्हणायचे होते का?’ हे वॉर्निंग. समासातले प्रश्नचिन्ह.

गंमत अशी, की सीच्या सुरुवातीच्या काळात दुभाष्याला शंका विचारायला सवडच नव्हती. तेव्हाच्या यंत्रांची स्मरणशक्ती आजच्या साध्या फोनच्या तुलनेत नगण्य. कंपायलरने भराभर भाषांतर करावे, एवढीच अपेक्षा. म्हणून शंका काढण्याचे काम वेगळ्या प्रोग्रामकडे दिले गेले. १९७८ मध्ये बेल लॅब्जमधल्याच स्टीफन जॉन्सन यांनी तो लिहिला आणि त्याला नाव दिले ‘लिंट’. कपड्याला चिकटलेले धाग्याचे बारीक तूस म्हणजे लिंट. कंपायलर घाईत, लिंट निवांत. तो सगळा मजकूर चाळून सांगायचा, हा डबा तुम्ही आणला पण वापरला नाही. या ओळीपर्यंत प्रोग्राम कधी पोचणारच नाही.

आणि पहिल्याच आवृत्तीपासून लिंटला गप्प करण्याची सोयही होती. मजकुरात ठरावीक शब्दांचा शेरा लिहिला, की लिंट त्या जागेपुरता बोलत नसे. ‘इथे कोणी पोचत नाही, मला ठाऊक आहे,’ अशा अर्थाचा एक शेरा होता. म्हणजे प्रश्नचिन्ह आणि ते खोडण्याचे खोडरबर एकाच दिवशी, एकाच पेटीतून आले. पुढे १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांचा ‘जीसीसी’ हा मोफत कंपायलर आला आणि शंका विचारण्याचे काम हळूहळू कंपायलरकडे गेले. त्यात सगळे इशारे चालू करण्याचा एक खटका आहे. त्याच्या नावात ‘ऑल’, म्हणजे सगळे, असा शब्द आहे. प्रत्यक्षात त्याने सगळे इशारे चालू होत नाहीत. उरलेल्यांसाठी ‘एक्स्ट्रा’ नावाचा दुसरा खटका आहे आणि त्यानंतरही काही उरतातच. सरकारी कचेरीत अर्ज भरलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये.

आता एका चिन्हाची गोष्ट. रेडिओवर चिन्ह दाखवता येत नाही, म्हणून शब्दांत सांगतो. शाळेत आपण बरोबरचे चिन्ह शिकतो, दोन आडव्या रेघा. सीमध्ये हे चिन्ह एकदा लिहिले तर त्याचा अर्थ ‘कर’ असा होतो. जोडीने दोनदा लिहिले तर अर्थ होतो ‘आहे का?’. ही प्रथा सीच्या आधीच्या ‘बी’ या भाषेतून आली. बी केन थॉम्प्सन यांची. प्रोग्राममध्ये ‘कर’ हे ‘आहे का’पेक्षा जास्त वेळा लिहावे लागते, म्हणून त्याचे चिन्ह आखूड, असा त्यामागचा हिशेब. हिशेब बरोबर होता, पण बोटांना शाळेची सवय. ‘शिल्लक शून्य आहे का?’ असे विचारायला जावे, हातून एकच चिन्ह पडावे आणि यंत्राने तत्काळ शिल्लक शून्य करून टाकावी! व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये शुद्ध.

भाचीची पिढी सी शिकली ती कॉलेजातल्या निळ्या पडद्यावर, बोर्लंड कंपनीच्या टर्बो सीवर. टेबलावर पुस्तक असायचे नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’. टर्बो सी अशा ठिकाणी ‘ही नेमणूक बहुधा चुकीची आहे’ असा इशारा द्यायचा. “पण मामू,” ती म्हणाली, “एरर असली तर मार्क जायचे, वॉर्निंगचे कोण विचारतो? आम्ही बटण दाबून पुढे जायचो.”

कधी कधी मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्याला खरोखरच ‘कर, आणि आलेले उत्तर तपासून पाहा’ असेच म्हणायचे असते. मग शंका घेणाऱ्या कंपायलरला समजवायचे कसे? जीसीसीने एक संकेत ठरवला. त्या मजकुराभोवती आणखी एक कंस घाला. दुहेरी कंस म्हणजे ‘हो, मी शुद्धीवर आहे, मला असेच म्हणायचे आहे’. यंत्राच्या दृष्टीने त्या कंसाने अर्थ तसूभर बदलत नाही, पण इशारा थांबतो. किरकोळ लेखनशैलीतला बदल तो एवढाच.

या कंसाचा एक वाईट उपयोग नोव्हेंबर २००३ मध्ये झाला. लिनक्स ही प्रणाली आज जगातल्या असंख्य सर्व्हरमध्ये आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे. तिच्या मजकुराची एक नक्कल वेगळ्या संगणकावर ठेवलेली असे. तिथे कोणीतरी शिरून दोन ओळी वाढवल्या. वरवर वाचले तर ती एक सभ्य तपासणी होती. वापरणाऱ्याने अमुक दोन पर्याय एकत्र मागितले आणि त्याचा क्रमांक शून्य असला, तर त्याला चूक दाखवून परत पाठवा. शून्य हा क्रमांक प्रणालीच्या मालकाचा. पण तिथे बरोबरचे चिन्ह एकदाच होते. म्हणजे ओळ ‘क्रमांक शून्य आहे का?’ असे विचारत नव्हती. ती क्रमांक शून्य ‘करत’ होती. जो कोणी ते दोन पर्याय मागेल, तो त्या क्षणी मालक! आणि त्या तुकड्याभोवती कंस होता. त्यामुळे कंपायलर गप्प बसला असता. शिवाय नेमणुकीचे उत्तर शून्य, म्हणजे यंत्राच्या भाषेत ‘नाही’. त्यामुळे पुढचा चूक दाखवण्याचा भागही कधी चालला नसता. चोराने कुलूप फोडले नव्हते, त्याने पहारेकऱ्याच्या ओळखीचा सदरा घातला होता.

हे पकडले गेले, पण कंपायलरकडून नव्हे. मूळ प्रतीत या ओळींची नोंद नाही, हे मूळ प्रत सांभाळणाऱ्या लॅरी मॅकव्हॉय यांच्या पडताळणीत लक्षात आले आणि त्या ओळी मुख्य मजकुरात कधीच गेल्या नाहीत. त्या लिहिल्या कोणी, हे जाहीरपणे कधी सिद्ध झाले नाही.

दुसरी गोष्ट ‘पुरे’ या शब्दाची. सीमध्ये अनेक पर्यायांतून एक निवडण्याची रचना आहे. प्रत्येक पर्यायाच्या शेवटी ‘ब्रेक’ असा शब्द लिहायचा. तो नसेल तर प्रोग्राम पुढच्या पर्यायात घरंगळतो. पंगतीत आपण ‘पुरे’ म्हणेपर्यंत वाढपी वाढत जातो, तसे. हा शब्द कुठे हवा आणि तो नेमके काय थांबवतो, यावरून सीच्या जन्मदात्या घरातच मोठा गोंधळ झाला. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचे लांब पल्ल्याचे जाळे सुमारे ९ तास कोलमडले. कंपनीची ११४ केंद्रे एकमेकांना खाली खेचत राहिली. कारण होते सी मजकुरातला एक ब्रेक. लिहिणाऱ्याला तो छोट्या चौकटीतून बाहेर काढेल असे वाटले. तो मोठ्या चौकटीतून बाहेर घेऊन गेला. बेल लॅब्ज याच कंपनीची संस्था होती.

ब्रेक राहून गेला की मुद्दाम वगळला, हे वाचणाऱ्याला कळावे म्हणून जुने लोक तिथे ‘फॉल थ्रू’, म्हणजे ‘पुढे घरंगळू द्या’, असा शेरा लिहीत. २०१७ मध्ये जीसीसीच्या सातव्या आवृत्तीने या बाबतीत इशारा द्यायला सुरुवात केली आणि असा शेरा दिसला तर गप्प राहायचे ठरवले. कंपायलरने शेरे वाचायचे नसतात, असा एवढ्या वर्षांचा दंडक. त्याला हा अपवाद झाला. लिनक्सच्या गुस्ताव्हो सिल्वा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षे खपून अशी प्रत्येक जागा पाहिली. बऱ्याच ठिकाणी नुसता शेरा घालायचा होता. पण काही ठिकाणी ब्रेक खरोखरच राहून गेला होता आणि ती चूक तिथे वर्षानुवर्षे नांदत होती. २०२० मध्ये शेरे काढून त्या जागी एक ठरलेला शब्दच लिहायला सुरुवात झाली; पुढे सीच्या नव्या प्रमाण आवृत्तीतही त्यासाठी सोय आली. मला हा सगळा खटाटोप आवडतो. इथे इशारा नुसता बंद झाला नाही. लिहिणाऱ्याचा हेतू मजकुरात उतरला. ‘दीन’चे ‘दीन-इमान’ झाले.

महिरपी कंसाचीही एक कथा आहे, ती थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या फोनसाठी घाईने एक दुरुस्ती काढली. सुरक्षित संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या भागात ‘चुकले तर बाहेर पडा’ ही ओळ लागोपाठ दोनदा लिहिली गेली होती. दुसरी ओळ पहिलीइतकीच आत सरकवलेली, त्यामुळे डोळ्यांना ती अटीखालची वाटे. पण महिरपी कंस नव्हता. अट फक्त पहिल्या ओळीपुरती होती. दुसरी ओळ कायम चालायची आणि शेवटची सही न तपासताच ‘सर्व ठीक’ असा निकाल द्यायची. अशी जागा दाखवणारा इशारा ॲपल वापरत असलेल्या कंपायलरकडे होता. पण ‘ऑल’ या खटक्यात तो नव्हता! जीसीसीने २०१६ मध्ये, दिशाभूल करणारी मांडणी दिसली तर टोकणारा नवा इशारा आणला. म्हणजे यंत्र आता ओळ किती आत सरकली आहे तेही पाहू लागले.

आता ज्या प्रकरणाने मला या विषयात ओढले, त्याकडे येतो. इथे इशारा कंपायलरचा नव्हता; तयार प्रोग्राम चालवून त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या ‘वालग्रिंड’ नावाच्या साधनाचा होता. पण जात तीच.

बँकेचा व्यवहार असो की दूरच्या संगणकात प्रवेश, गुप्ततेसाठी किल्ली लागते आणि किल्ली घडवायला कोणालाही अंदाज येणार नाही असा आकडा लागतो. ओपनएसएसएल हा सीमध्ये लिहिलेला संग्रह हे काम करतो. एक मोठे पातेले आहे असे समजा. त्यात इकडून तिकडून आलेल्या बेभरवशाच्या गोष्टी टाकायच्या, ढवळायच्या आणि मग पळी भरून आकडा काढायचा. या मजकुरात ‘हातातले पातेल्यात मिसळ’ अशा अर्थाची, अक्षरशः सारखीच ओळ दोन ठिकाणी होती. एका ठिकाणी ती ओळ कधी कधी अशी जागा मिसळायची, जिच्यात अजून कोणी काहीच लिहिलेले नाही. न लिहिलेली जागा वाचणे एरवी चूकच. म्हणून वालग्रिंड तक्रार करायचे. या ठिकाणची ओळ काढली तर फारसे बिघडत नव्हते. तपासणीच्या वेळी तेवढी ओळ वगळण्याची सोय मूळ लेखकांनीच करून ठेवली होती.

डेबियन नावाचा एक समूह लिनक्सची स्वतःची आवृत्ती काढतो. २००६ मध्ये तिथे ओपनएसएसएल सांभाळणाऱ्या गृहस्थांनी या तक्रारींचा छडा लावायचे ठरवले. त्यांनी परस्पर काही केले नाही. मूळ लेखकांच्या चर्चागटात जाहीरपणे विचारले, या दोन ओळी काढल्या तर चालेल का? थोडक्यात उत्तर आले. त्याचा अर्थ होकार असा घेतला गेला. दोन्ही ओळी शेऱ्याच्या खुणांत बंद झाल्या. वालग्रिंड गप्प झाले.

पण दुसऱ्या ठिकाणची ती ओळ म्हणजे पातेल्यात जिन्नस टाकणारा एकमेव हात होता. तो थांबल्यावर पातेल्यात वेगळे असे एकच काही पडत राहिले, चालू प्रोग्रामला प्रणालीने दिलेला क्रमांक. हा क्रमांक लिनक्सवर साधारणपणे ३२,७६८ पर्यंतच जातो. म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर, एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या फार तर तेवढ्याच. जिथे अब्जावधींच्या अब्जावधी शक्यता हव्यात, तिथे एका तालुक्याच्या गावातली घरे मोजावीत इतक्या. सप्टेंबर २००६ पासून ही बिघडलेली आवृत्ती पसरत गेली. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूमध्येही गेली. जवळजवळ वीस महिने जगभर लोक नव्या किल्ल्या बनवत होते, कुलपे लावत होते आणि निर्धास्त झोपत होते. बाहेरून काही दिसत नव्हते. किल्ली लांबलचक, अगम्य दिसायची. एकटी किल्ली पाहून तिची अशी जुळी भावंडे आहेत हे कसे कळणार?

लुसियानो बेल्लो यांच्या ते लक्षात आले आणि १३ मे २००८ रोजी डेबियनने जाहीर केले. काढलेली ओळ परत घालायला वेळ लागला नाही. पण ओळ परत घातल्याने आधीच्या किल्ल्या सुधारत नाहीत. त्या काळात बनलेली प्रत्येक किल्ली फेकून नवी करायची होती. एका प्रकारच्या किल्लीची तर अशी अवस्था, की ती दुसरीकडे चांगल्या यंत्रावर बनवलेली असली तरी बिघडलेल्या यंत्रावर नुसती वापरली, तरी बाद. काही दिवसांत सगळ्या संभाव्य किल्ल्यांच्या याद्या लोकांनी तयार केल्या, जशा चोराला उपयोगी तशाच पहारेकऱ्यालाही.

तेव्हा दोष कोणाचा यावर खूप भांडणे झाली. मला त्या गृहस्थांना दोष देववत नाही. त्यांनी प्रश्नचिन्ह पाहिले, विचारले, उत्तर मिळवले. माझ्यासारखे रागावून खोडले नाही. पण विचारताना ओळ काय करते यापेक्षा ओळ आवाज करते हा मुद्दा पुढे आला आणि उत्तर देणाऱ्यानेही तेवढेच ऐकले. आणि ती दुसरी ओळ! सगळी सुरक्षितता जिच्यावर उभी, तिच्याशेजारी ‘हिला हात लावू नका’ एवढाही शेरा नव्हता.

सप्टेंबर २०२१ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एकदा ठरवले, की यापुढे प्रत्येक इशारा ही चूकच मानायची. इशारा आला की काम बंद. वेगवेगळ्या यंत्रांवर इतक्या जणांची कामे अडली, की काही दिवसांतच त्यांना नियम सैल करावा लागला. भाचीच्या ऑफिसात मात्र तो नियम आहे, म्हणून तर ती महिनाभर कंस घालत बसली होती.

परवा मी तिला विचारले, संपले का काम? म्हणाली, एक सोडून सगळे. अकरा वर्षांपूर्वीच्या मजकुरात एका ठिकाणी ब्रेक नाही आणि शेराही नाही. शेरा घातला तरी इशारा जाईल, ब्रेक घातला तरी जाईल. दोन्हींत पाच सेकंदांचे काम. लिहिणारा गृहस्थ नोकरी सोडून आता नाशिकला असतो. तिने शोधून त्याला फोन केला. त्याने पडद्याचा फोटो मागवून घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, “हे मी लिहिलंय खरं. पण का, ते आठवत नाही हो.”

तो इशारा तिने अजून तसाच ठेवला आहे.